झाकलेली ओळ

आपल्याकडे दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून एक वाक्य हमखास बोललं जातं. "डॉक्टर, त्यांना एवढं सांगू नका हं." बोलणारा मुलगा असो, सून असो, आवाज खाली आलेला असतो, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो माणूस आत पडून पंख्याकडे बघत असतो. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनी हे ऐकून घेतलं आणि मानही डोलावली. मग कायदा बदलला. रुग्णाचा अहवाल रुग्णाच्याच फोनवर गेला पाहिजे, पूर्ण गेला पाहिजे आणि त्याने तो वाचल्याची नोंद झाली पाहिजे, असं ठरलं. कायदा चांगलाच होता. पण जिन्यातल्या नातेवाइकांचं काय करायचं, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नव्हता. तो केतकी कुंभोजकरने केला.

केतकी सांगलीत, विश्रामबागच्या एका कंपनीत काम करायची. कुणी विचारलं, काय करतेस, तर सांगायची, "पानं मांडते." हे पंगतीतल्या पानांबद्दल नाही, एवढा खुलासा तिला दरवेळी करावा लागे. पीडीएफ बाहेरून छापील कागदासारखी दिसत असली तरी तिच्या पोटात परिच्छेद नसतात, ओळी नसतात, शब्दसुद्धा नसतात. तिथे फक्त अक्षरं असतात आणि प्रत्येक अक्षराचा पत्ता असतो, डावीकडून इतकं आणि खालून इतकं. बाकी सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने निस्तरायचं. प्रत्येक अक्षराची रुंदी मोजायची, ओळ कुठे तोडायची ते ठरवायचं, जोडाक्षर फुटू द्यायचं नाही, वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसू द्यायची नाही. मजकूर चौकटीत मावला नाही तर तो बारीक करा, पुढच्या पानावर ढकला नाहीतर कापून टाका. या तीन मार्गांत केतकीची उमेदीची वर्षं गेली.

पुढे फोनच्या कॅमेऱ्याला वाचणाऱ्याची नजर कळू लागली आणि पान दर माणसासाठी नव्याने मांडता येऊ लागलं. नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जाते. पुढची उडी कुठे घ्यायची हे ती कोपऱ्यात अंधूक दिसणाऱ्या अक्षरांवरून ठरवते. सगळ्यात लांब उडी ओळ संपल्यावरची, उजव्या टोकावरून परत डावीकडे, एक ओळ खाली. ही उडी प्रत्येकाची थोडी थोडी चुकते, आणि प्रत्येकाची चूक आपापली असते. केतकीच्या यंत्रणेने ही चूक मोजायला सुरुवात केली. एकदा ती कळली की ओळींची लांबी, शब्दांमधली जागा आणि ओळ तोडण्याचं ठिकाण जरासं इकडेतिकडे करून नजरेला हव्या त्या ओळीवर उतरवता येतं. औषधाच्या मात्रेची ओळ कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून हे सगळं केलं होतं. म्हाताऱ्या माणसांना त्याचा फार फायदा झाला, पेपरात कौतुकही छापून आलं.

मग एक दिवस कंपनीचे मालक शिरगावकर तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "उलटं होईल का गं? एखादी ओळ कागदावर असेल, पण दिसणार नाही?"

"होईल की," केतकी म्हणाली. प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी अधिकचं चिन्ह होतं, तिथे तिने उणे केलं. झाकायच्या ओळीवरून नजर उडी मारून थेट पुढच्या ओळीवर जाई. आधीच्या ओळीची शेपटी पुढच्या ओळीच्या तोंडाशी जुळेल अशी मांडणी केलेली असे, त्यामुळे आपण काही सोडलं हे वाचणाऱ्याच्या ध्यानीमनीही येत नसे. अक्षर एकही बदललेलं नाही, आकार लहान केलेला नाही, मग कायद्याने तरी काय म्हणावं! नजर पानाच्या शेवटापर्यंत पोचली की यंत्र 'वाचले' अशी नोंद करून मोकळं. या सोयीला 'पदर' हे नाव केतकीनेच दिलं, आणि देताना तिला ते फार मायेचं वाटलं होतं.

दवाखान्यांनी पदर उचलून धरला. अहवाल तयार झाला की तो आधी घरच्या एका माणसाला दिसे, आणि खाली दोन बटणं असत, 'सरळ' आणि 'पदर'. यातलं कोणतं दाबलं हे डॉक्टरांना कळत नसे. जिन्यातलं वाक्य आता बोटाने बोलता येऊ लागलं.

केतकीची आई मंजूषा शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी शिट्टी गळ्यात असल्यासारखंच तिचं चालणं-बोलणं होतं. तिची थोरली बहीण अलका मिरजेला राहायची. दोघी एके काळी खो-खोच्या एकाच संघातून खेळलेल्या, आणि सांगलीत अजूनही चार जुनी माणसं भेटली की त्यांच्या खेळाचा विषय निघायचा. अलकामावशीच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तिचं दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, तेव्हा आईने कुणाला विचारलं नाही. स्वतःच मिरजेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टर मगदूमांना म्हणाली, "माझी घ्या की. मला काय धाड भरलीय?"

दाता म्हणून तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. अहवाल केतकीच्या फोनवर आला तेव्हा ती कंपनीच्या कँटीनमध्ये उभी होती. रक्तगट जुळत होता, ऊतींची जुळणी उत्तम होती, दोन्ही किडन्यांचं काम वयाच्या मानाने फारच चांगलं होतं. आणि त्याखाली लिहिलं होतं: स्वादुपिंडात गाठ आढळली असून ती यकृतात पसरली आहे, बहुधा कर्करोग. त्यामुळे दाता म्हणून स्वीकारता येत नाही.

केतकीला आधी काही सुधरेना. समोरच्या ताटातला वडा गार होत गेला. डॉक्टर मगदूमांना तिने फोन लावला. ते म्हणाले, "वाईट आहे, केतकी. काही महिने. उपचारांनी थोडे वाढतील, पण त्यांना भेटून बोलू या. अहवाल जाऊ दे आधी." फोन ठेवल्यावर तिच्या डोळ्यांपुढे आईचा चेहरा आला, तो उतरताना बघण्याची तिची छाती होईना. तिने गाठीच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि 'पदर' दाबलं. खालचं 'स्वीकारता येत नाही' आईला दिसेल, वयामुळे नाही म्हणाले असं आपण सांगू, पुढचं पुढे बघता येईल. असा तिचा हिशेब होता.

हिशेब चुकला, आणि तिच्याच एका नियमाने चुकला. पान मांडताना एखादी ओळ तिच्या सोबतिणीपासून तुटून एकटी पडली तर वाईट दिसतं. म्हणून 'त्यामुळे', 'म्हणून' अशा शब्दांनी सुरू होणारं वाक्य आधीच्या वाक्याला बांधून ठेवायचं, असा नियम केतकीने फार पूर्वी लिहिला होता. आधीचं वाक्य जिकडे जाईल तिकडे पुढचंही जायचं. आता आधीच्यावर पदर पडला, तसा तो पुढच्यावरही पडला. केतकी तेव्हा रडत होती, तिच्या हे लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तर आई फोन स्पीकरवर टाकून हॉलभर फिरत होती.

"ताई, जुळलं गं! सगळं जुळलं! रक्तगट, बाकी काय काय ते, सगळं उत्तम लिहिलंय. आता तारीख घ्यायची तेवढी."

पलीकडून मावशीच्या रडण्याचा आवाज आला. "मंजे, अगं तुला त्रास..."

"कसला त्रास? दोन आहेत, एक तुझी. लहानपणी लिमलेटची गोळी अर्धी करून द्यायचीस, त्याची परतफेड समज." दारात उभ्या केतकीला बघून आईने हाताने खूण केली, ये, ये, मावशीशी बोल. केतकीने फोन हातात घेतला. मावशी म्हणत होती, "केतू, तुझ्या आईला जप गं बाई." केतकी म्हणाली, "हो मावशी." एवढंच म्हणाली. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर एक वाईट संध्याकाळ गेली असती आणि सगळं तिथेच मिटलं असतं, हे तिला नंतर कितीदा तरी वाटलं. पण आई इतकी खूश होती, की तोंड उघडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं वाटलं. आईने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या. केतकीने दोन खाल्ल्या आणि मोरीत जाऊन ओकून टाकल्या.

दोन दिवसांनी डॉक्टर मगदूमांचा फोन आला. "मंजूषाताईंनी अहवाल वाचल्याची नोंद इथे दिसतेय. भेटायला का येत नाहीत?"

"तिला वेळ हवाय, डॉक्टर. आत्ता कुणाशी बोलायचं नाही म्हणते."

"समजू शकतो. त्यांचा हक्क आहे तो." डॉक्टर भले गृहस्थ होते. "मी अलकाताईंना कळवतो की हा दाता मिळत नाही. कारण मात्र मला सांगता येणार नाही. ते गुपित मंजूषाताईंचं आहे."

केतकी 'बरं' म्हणाली आणि तिने फोन ठेवला. दाता मिळत नाही, कारण सांगता येत नाही. मावशी याचा काय अर्थ काढेल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मावशीचा मुलगा प्रसन्न दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या खाली येऊन उभा राहिला. तो बँकेत होता, सरळ माणूस. चहाच्या टपरीवर त्याने चहा घेतला, पण प्यायला नाही.

"केतकी, नक्की काय झालं? आई कालपासून जेवली नाहीये. मंजूमावशीच म्हणाली ना सगळं जुळलं?"

आता मात्र काहीतरी सांगणं भाग होतं. गाठीचं सांगितलं असतं तर प्रसन्नने मावशीला सांगितलं असतं, मावशीने केतकीच्या आईला, आणि पदर फाटला असता. केतकीने खाली बघत म्हटलं, "ती घाबरली रे."

"मंजूमावशी? घाबरली?"

"फोन केला तेव्हा उत्साहात होती. मग ऑपरेशनचं डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा... तिला स्वतःला बोलायला लाज वाटते. तुम्ही तिच्याकडे विषय काढू नका. प्लीज."

प्रसन्नने गार झालेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "माणसाला भीती वाटू शकते. मी आईला समजावतो." जाताना त्याने केतकीच्या चहाचेही पैसे दिले. त्याचा तो चांगुलपणा तिला चाबकासारखा लागला. स्वतःच्या आईवर, जिने आयुष्यात कधी पाठ दाखवली नाही तिच्यावर, तिने भित्रेपणाचा शिक्का मारला होता, आणि तोही ती बिचारी घरात बसून पथ्य सांभाळत असताना.

कारण आई खरोखरच पथ्य सांभाळत होती. ऑपरेशनला शरीर तयार हवं म्हणून तिने मीठ कमी केलं, तेल बंद केलं, सकाळी कृष्णाकाठी झपझप चालायला जाऊ लागली. महिन्याभरात तिला सगळे ब्लाउज सैल होऊ लागले. "बघ, किती उतरलं वजन!" ती आरशासमोर वळून वळून बघायची. "पोरींना मी हेच सांगायचे, मनावर घेतलं की होतं." पोटात दुखलं की ओवा खायची आणि पित्त झालंय म्हणायची. केतकी तिला बघायची आणि तिच्या जिभेवर वाक्य यायचं. 'आई, ऐक ना.' आई वळून विचारायची, "काय गं?" आणि केतकी म्हणायची, "काही नाही. भाजी काय आणू?"

तारीख काही येत नव्हती. आई दवाखान्यात विचारायला निघाली की केतकी सांगायची, मी विचारलंय, रांग मोठी आहे. मावशी फोन उचलेनाशी झाली. एकदा आई तिच्या आवडीचे बिनमिठाचे पदार्थ डब्यात भरून मिरजेला गेली, तर सुनेने दारातच सांगितलं, झोपल्या आहेत. आतून टीव्हीचा आवाज येत होता. आई डबा देऊन परत आली.

"मी काय वाकडं केलंय तिचं?" ती केतकीला म्हणाली. "किडनी देते म्हटलं त्याचा राग येतो होय कुणाला? का माझं उपकाराचं ओझं नको झालंय?"

"थकलेली असते गं ती. मनावर घेऊ नकोस."

"तू बोल की तिच्याशी. तुझं ऐकते ती."

केतकी 'बोलते' म्हणाली. कंपनीत त्याच आठवड्यात मोठी बैठक झाली. पदरामुळे नातेवाइकांना किती दिलासा मिळतो याचे आकडे पडद्यावर होते, आणि एका बाईंनी लिहिलेलं पत्र शिरगावकरांनी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत बाबांना कळलं नाही, शांतपणे गेले, तुमचे आभार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केतकीनेही वाजवल्या, कारण सगळ्यांच्या नजरा तिच्याकडेच होत्या.

पुढच्या रविवारी आई जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याला गेली आणि अर्ध्यातून परत आली. चपला न काढताच खुर्चीत बसली. केतकीने पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं नाही.

"शकू भेटली," ती म्हणाली. शकू म्हणजे तिच्या संघातली जुनी मैत्रीण. "सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवून म्हणते कशी, मंजू, मनाला लावून घेऊ नकोस, आमच्यापैकी कुणीही घाबरलंच असतं. मी म्हटलं कशाला? तर म्हणाली, ताईला किडनी द्यायला तू नाही म्हणालीस ना." ती खुर्चीत पुढे सरकली. "केतू, हे कुणी उठवलं असेल गं? ताईला हेच वाटत असेल का? म्हणून दार लावते होय ती माझ्यावर?"

केतकी पाण्याचा पेला टेबलावर ठेवायला वळली.

"आत्ताच्या आत्ता जाते मी मगदूमांकडे. म्हणते, उद्या कापा मला. सगळ्या गावाला कळू दे." आई उठली. उठताना तिने पोट धरलं, तरी उठली.

"आई, थांब. बस." केतकीने आईच्या फोनवरचा अहवाल उघडला, आपल्या नावाने पदर काढून टाकला आणि फोन तिच्या हातात दिला. "हे वाच."

आईने एक नजर टाकली आणि फोन परत केला. "वाचलाय की मी. शंभरदा वाचलाय. पाठ आहे मला, जुळणी उत्तम."

हे केतकीच्या यंत्राने कधी मोजलं नव्हतं. एकदा वाचलेलं पान माणूस पुन्हा वाचत नाही, त्याला त्यात काय आहे ते ठाऊक असतं. आता ती ओळ कितीही ठळक करा, आईसाठी ती कागदावर नव्हतीच. ती तोंडानेच सांगावी लागणार होती. केतकीने फोन समोर धरला आणि वाचलं. स्वादुपिंड म्हणताना तिचा आवाज फुटला, म्हणून तिने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग दुसरं वाचलं. मग पदर काय असतो ते सांगितलं, तो कुणी टाकला ते सांगितलं.

आई ऐकत होती. "स्वादुपिंड म्हणजे कुठे गं?" तिने विचारलं. केतकीने हात लावून दाखवलं. आईने त्या जागेवर आपला हात ठेवला. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"आणि ताईला काय सांगितलंस?"

केतकीने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"शकूला आकाशातून नाही कळलं, केतू. काय सांगितलंस?"

"प्रसन्नला म्हटलं, तू घाबरलीस."

आईने तिच्याकडे बघितलं. आईच्या डोळ्यांत राग असता तर केतकीला बरं वाटलं असतं. "मरण काय चुकतंय कुणाला," आई म्हणाली. "मरायचं तर मरेन की. पण तू मला भित्री करून मारायला निघाली होतीस गं."

दुसऱ्या दिवशी मावशीचं डायलिसिस होतं. आईने केतकीला बरोबर घेतलं. वॉर्डच्या दारात थांबून ती म्हणाली, "तू सांगायचंस. जिथे जिथे मला भित्री म्हटलं गेलं तिथे तिथे. मोठ्यानं."

एका ओळीत खाटा होत्या, प्रत्येकीशेजारी एक यंत्र गुरगुरत होतं. मावशीच्या हातातून नळ्या निघाल्या होत्या. बहिणीला बघून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. प्रसन्न खुर्चीवरून उठला. आसपासच्या बायका टक लावून बघू लागल्या, त्यांना या घराण्याची सगळी कथा माहीत असावी असंच त्यांच्या बघण्यावरून वाटत होतं.

"मावशी," केतकी म्हणाली. यंत्रांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ओरडून बोलावं लागलं. "मावशी, आई घाबरली नव्हती. मी खोटं बोलले. तपासणीत आईला कॅन्सर निघाला. मी तो तिच्यापासून लपवला. म्हणून तिला वाटलं तिची किडनी चालते, आणि मी तुम्हाला सांगितलं, ती नाही म्हणाली. ती कधीच नाही म्हणाली नव्हती. ती अजून तारखेची वाट बघत होती."

केतकीला वाटलं, मावशीने शिव्या द्याव्यात, प्रसन्नने थोबाडीत मारावी. मावशीने हळूहळू मान वळवली, पण केतकीकडे नाही, बहिणीकडे.

"मंजे," ती म्हणाली, "या सगळ्या बायकांना विचार, मी तुला काय काय बोलले ते." आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने डोळे मिटून घेतले.

"बोललीस तर बोललीस," आई म्हणाली. "सरक की जरा, बसू दे." नळ्यांचा हात सांभाळून मावशी सरकली आणि आई खाटेच्या कडेवर बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि खालच्या आवाजात बोलू लागल्या. केतकी तिथेच उभी होती. तिला बस म्हणावं असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही.

प्रसन्न तिच्याजवळ आला. "दोन महिने मी मंजूमावशीचा फोन उचलला नाही," तो म्हणाला. "आता मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघू, ते तूच सांग." आणि तो बाहेर निघून गेला.

केतकीने शिरगावकरांना जाऊन सांगितलं, पदर बंद करा. ते सगळं ऐकून हळहळले. "तुझं दुःख कळतंय मला," ते म्हणाले, "पण यात पदराचा दोष नाही, त्या बांधून ठेवायच्या नियमाचा आहे. तो आपण दुरुस्त करू." आणि दुरुस्त केलाही. आता पदर टाकला की नेमकी हवी तेवढीच ओळ झाकली जाते. केतकीने नोकरी सोडली. तिच्या जाण्याने पदराचं काही अडलं नाही, आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणी येऊन हेच मागितलं असतं तर आपणही शिरगावकरांसारखंच बोललो असतो, हे तिला मनोमन ठाऊक होतं.

आईने तिला घराबाहेर काढलं नाही, अबोलाही धरला नाही. केस विंचरून घ्यायची तिच्याकडून, भातही तिच्याच हातचा खायची. उपचार घ्यायचे का, किती घ्यायचे, हे तिने ताईशी बोलून ठरवलं आणि केतकीला नंतर सांगितलं. प्रसन्न दर शनिवारी येऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा आईने त्याला खाली वाकवून पाठीत धपाटा घातला, तेवढ्यावर त्यांचं मिटलं.

अशाच एका शनिवारी नवा अहवाल आला. आईच्या फोनचा आवाज झाला तशी केतकी चष्मा घेऊन पुढे झाली. "दे, वाचून दाखवते. आता सरळच येतं आई, तुझ्या नावावर पदर टाकताच येत नाही. मी स्वतः तशी नोंद केलीय."

"असू दे गं," आई म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही कडवटपणा नव्हता. "तू चहा टाक. प्रसन्न, तू वाच बघू. मोठ्यानं वाच."

केतकी स्वयंपाकघरात गेली. तिने आधण ठेवलं, साखर घातली. हॉलमधून प्रसन्नचा आवाज येत होता, बँकेतल्यासारखा सावकाश, एकेक शब्द सुटा. गाठीचा आकार, रक्तातले आकडे, पुढच्या भेटीची तारीख. वाचून झालं.

"एखादी ओळ राहिली नाही ना?" आईने विचारलं.

"नाही मावशी."

"नीट बघितलंस? मधली एखादी?"

"नाही राहिली."

"तरी एकदा परत वाच बाबा. बोट ठेवून वाच."

केतकी गाळणं हातात धरून उभी राहिली, आणि हॉलमध्ये प्रसन्न पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला.